क्षमा आत झोपली आहे

१

“क्षमा आत झोपली आहे” हे वाक्य माझं. ते सासूबाईंनी शिकवलं नाही की दिराने सांगितलं नाही. समोरच्या मिश्रा आंटी वाटी परत करायला आल्या होत्या. मधल्या खोलीकडे मान वळवून त्यांनी विचारलं, छोटी बहू आजकल दिखती नहीं, आणि माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं. जरा बरं नाही, आत झोपली आहे. आंटींचं समाधान झालं. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

क्षमा म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती तेव्हा घरात नव्हतीच. माझा दीर अजिंक्य तिला पाटनला, तिच्या माहेरी सोडून आला होता. पण सून माहेरी पाठवली म्हटलं की जबलपुरातल्या आमच्या घमापुरात लोक थेट वकिलापर्यंत पोचतात, आणि डॉक्टरचं नाव काढलं की त्याहून पुढे. त्यापेक्षा झोपलेली सून बरी. झोपलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

एकदा वाक्य बोलून गेल्यावर ते निभवावं लागतं. मी मधल्या खोलीचा, म्हणजे क्षमाच्या खोलीचा, पंखा सकाळीच सुरू करून ठेवू लागले. तो जुना आहे, फिरताना टक टक वाजतो, त्यामुळे आत कोणीतरी आहे असं बाहेर समजतं. दाराशी क्षमाच्या घरातल्या चपला ठेवल्या. पाहुणे असले की चहाचा कप आत न्यायचा, दार लोटायचं, पलंगावर बसून तो चहा आपणच प्यायचा आणि रिकामा कप बाहेर आणायचा. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, नीटनेटकेपणाची मला सवय आहे. खोटंही मी नीटनेटकं केलं. दोन बायकांचा चहा पिऊन माझी छाती जळायची तेवढीच काय ती शिक्षा.

२

क्षमाला काय झालं होतं ते सांगता आलं असतं तर सोपं गेलं असतं. काहीच झालं नव्हतं. नवरा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी, तिची लहान मुलांची शिकवणी छान चाललेली. मग शिकवणी बंद झाली. मग वेणी घालणं बंद झालं. कधीकधी ती नळ सोडून त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि सासूबाई येऊन नळ बंद करायच्या.

एका दुपारी मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. ती येऊन समोर बसली आणि म्हणाली,

“दीदी, मी बोलते ना, तर माझा आवाज बाजूच्या खोलीतून आल्यासारखा वाटते मला. मी इथं आहे की तिथं, समजूनच नाही राहिलं.”

काम जास्त झालं की मलाही असंच होतं, असं मी म्हटलं आणि अर्ध्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. तिने त्या सगळ्या मोडल्या, दोरे काढून, एकसारख्या. मला वाटलं, झालं, मन रमलं.

त्यानंतर काही दिवसांनी ती गच्चीच्या कठड्यावर बाहेर पाय सोडून बसलेली अजिंक्यला दिसली. त्याने तिला हाताला धरून खाली आणलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. हे नैराश्य आहे, आजार आहे, औषधाने बरा होतो, गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत. तिला आराम मिळू द्या, पण एकटं पाडू नका, तिच्याशी बोलत राहा. सासूबाईंनी यातलं आराम एवढंच ऐकलं. आराम माहेरी होतो असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होते.

पाटनहून ती मला रोज दुपारी फोन करायची. आवाज बारीक, पण यायचा. एकदा तिने विचारलं, लोक विचारतात का माझ्याबद्दल. मी माझी युक्ती सांगितली. ती थोडं हसली.

“अच्छा. म्हणजे मी तिथंच आहे.”

महालक्ष्म्या उठल्या की मी स्वतः येते तुला घ्यायला, असं मी तिला कबूल केलं. पाटन काही लांब नाही, सकाळी बसमध्ये बसलं की जेवायच्या आत पोचता येतं. त्याआधीही मी कधीही जाऊ शकले असते. गेले नाही.

३

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सासरची मंडळी मूळची अमरावतीकडची, जबलपुरात पिढ्या गेल्या पण यात काही बदललं नाही. थोरली आणि धाकटी अशा दोन, पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या, साडी नेसवलेल्या, वर पितळी मुखवटे. तीन दिवस त्या घरच्या माहेरवाशिणी.

पहिल्या दिवसाची फेरी मला लहान मुलीसारखी आवडते. मुखवटा छातीशी धरून उंबऱ्यातून आत यायचं. एका सवाष्णीने प्रत्येक दाराशी विचारायचं, इथे काय आहे, आणि मुखवटा धरणारीने भरभरून सांगायचं. फ्रिजपाशी दूधदुभतं आहे. कपाटापाशी सोनंनाणं आहे. कपाटात सोन्यापेक्षा जुनी स्वेटरं जास्त, पण त्या फेरीत नाही हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. महालक्ष्मीला जे सांगाल ते घरात राहतं, असं सासूबाई दरवर्षी बजावतात.

थोरलीचा मुखवटा थोरल्या सुनेकडे आणि धाकटीचा धाकटीकडे, असा आमचा रिवाज. या वर्षी धाकटीचा मुखवटा सासूबाईंनी घेतला. जमलेल्या बायकांना कारण माहीतच होतं, धाकटी सून आत झोपली आहे. प्रश्न विचारायला गीतांजलीला बोलावलं होतं. ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, नवरा फौजेत, नाशिकहून नुकतीच बदलून आलेली. क्षमाला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आमच्यातली कोणी असती तर मधल्या खोलीच्या बंद दारावरून पुढे गेली असती. गीतांजली नवी. ती थांबली आणि तिने गोड आवाजात विचारलं, “इथे काय आहे?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सासूबाईही बघत होत्या. इथे धान्याची रास आहे म्हणता आलं असतं, सुखशांती आहे म्हणता आलं असतं. पण सवय वाईट.

“इथे आमची क्षमा आहे,” मी म्हटलं. आणि फेरीत भरभरून सांगायचं असतं म्हणून पुढे जोडलं, “बरी आहे. सुखात आहे.”

बायका खूश झाल्या. आत पंख्याची टकटक थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. आमच्या भागात लाइट अशीच जाते येते, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पुढच्या दाराशी गेलो तरी माझ्या हातातला मुखवटा जड लागत होता.

४

दुसरा दिवस जेवणाचा. सकाळपासून घरात बायकांची ये-जा, सोळा भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं. मी रिवाजाप्रमाणे, म्हणजे माझ्या रिवाजाप्रमाणे, चहाचा कप मधल्या खोलीत नेला आणि स्टुलावर ठेवला. तेवढ्यात केळीची पानं घेऊन माणूस आला म्हणून हाक आली. पानं मोजूनमापून घेतली, पैसे दिले, परत आले.

कप रिकामा होता. त्यावर बशी पालथी घातलेली होती.

चहा संपला की कपावर बशी पालथी घालायची, ही क्षमाची सवय. माशा बसतात म्हणायची. मी पलंगावर बसले आणि विचार केला. मीच प्यायले असेन आणि घाईत विसरले असेन. रोजची गोष्ट हात आपोआप करतात. बशीही मीच घातली असेन, एका घरात राहून एकमेकींच्या सवयी लागतात. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त माझ्या जिभेवर चहाची चव नव्हती आणि छातीही जळत नव्हती. मी कप विसळून ठेवला आणि पुरण वाटायला गेले.

पोळ्या लाटायला गीतांजली खाली आली. लाटता लाटता म्हणाली, तुमच्या जाऊबाई फार गोड बोलतात हो. साडीला लावायला पिन हवी होती म्हणून तिने मधल्या खोलीच्या दाराबाहेरून हाक मारली होती. आतून उत्तर आलं, बाहेरच्या फडताळात डबी आहे, घ्या ना. पिनांची डबी खरंच तिथे असते. गीतांजलीला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

सासूबाई बोलल्या असतील, मी मनात म्हटलं. त्या तेव्हा अंगणात तुळशीपाशी होत्या हे मला माहीत होतं, तरी म्हटलं.

५

नैवेद्य दाखवला की आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे पडदा ओढतात. त्या जेवेपर्यंत घरातल्यांनी बाहेरच्या खोलीत गप्प बसायचं. भांडं वाजवायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही. देवाची खोली आमच्या उजव्या हाताला, मधली खोली डाव्या हाताला. मधल्या खोलीतही मी एक ताट ठेवलं होतं. आजारी सुनेला सणाचं ताट गेलं नाही तर बायकांना विचित्र वाटलं असतं.

आम्ही हात जोडून बसलो. माझे यजमान अंबरीश डोळे मिटून होते. पंखा टक टक करत होता. मग बांगड्यांचा आवाज आला, घास घेताना मनगट वर जातं तेवढाच. मग आंबील भुरकल्याचा. भुकेलं माणूस लाज न बाळगता जेवतं तसा तो आवाज होता, आणि तो डावीकडून येत होता.

सगळे उजवीकडे तोंड करून बसले होते. सासूबाईंची मान मात्र डावीकडे कलली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

नंतर मी ताट आणायला गेले तेव्हा ते पुसल्यासारखं स्वच्छ होतं. लिंबाची फोडसुद्धा पिळलेली होती. पलंगावर कोणी नव्हतं. चादरीवर बसल्याची खूण होती, पण ती सकाळी मीच बसल्याची असू शकते. मांजर, मी म्हटलं. लिंबू पिळणारी मांजर मी अजून पाहिलेली नाही.

भांडी घासताना क्षमाचा फोन आला.

“दीदी, आंबील केली होती काय आज?”

हो, असं मी म्हटलं आणि काहून विचारते म्हणून तिला विचारलं.

“तोंडात चव आहे दुपारपासून. पोट पण भरलं आहे. आईनं आज माझं पानच नाही घेतलं. मी म्हटलं, आई, मी? तर म्हणते, तू तर जेवली ना.” मग तिने मलाच विचारलं. “मी जेवली काय, दीदी?”

माझे हात साबणाने भरलेले होते. सणाच्या गडबडीत आई विसरली असेल, असं मी म्हटलं. गोळी घेतली का, विचारलं. घेतली, म्हणाली. मग म्हणाली, “आज या ना मला घ्यायला. आजच या.”

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार, मी घर सोडून कशी निघू, असं मी तिला समजावलं. हे मी अगदी प्रेमाने समजावलं.

“अच्छा,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

६

संध्याकाळी मी ठरवलं की सांगून टाकायचं. बायका जमल्या की म्हणायचं, क्षमाला नैराश्याचा आजार आहे, ती पाटनला आहे, तिचं औषध चालू आहे. यात लाज वाटण्यासारखं काय होतं. वाक्य मी मनात घोळवून तयार केलं, साडी बदलली, अत्तरदाणी घेऊन बाहेर आले.

मिश्रा आंटींनी करंडा उचलला आणि म्हणाल्या, बहू को वहीं लगा आते हैं, बेचारी क्यों उठेगी. आणि मी काही बोलायच्या आत दोघीतिघी मधल्या खोलीत शिरल्या. दार लोटलं गेलं. मी अत्तरदाणी धरून दाराबाहेर उभी राहिले. आता ओरडतील, आता म्हणतील खोली तर रिकामी आहे. मी अगदी त्याची वाट बघत होते. त्या ओरडल्या असत्या तर माझी सुटका झाली असती.

त्या हसत बाहेर आल्या. बोटांना हळद लागलेली होती. कितना प्यारा हँसती है, आंटी म्हणाल्या, चेहरे पर रौनक आ गई. त्यांच्या मागून सासूबाई खिरीची वाटी घेऊन आत गेल्या आणि रिकामी वाटी घेऊन आल्या.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “आई, क्षमा पाटनला आहे.”

“हाव, मला माहीत आहे ना.” त्यांनी वाटी मोरीत ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. “पण आज काहून बोलून राहिली ते? पोरगी खाऊन राहिली, हसून राहिली. किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटून राहिलं.”

त्या वाईट बाई नाहीत. क्षमा कठड्यावर बसलेली दिसली त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांना हसणारी सून हवी होती, आणि ती कुठून आली हे विचारायची त्यांची तयारी नव्हती. माझीही नव्हती. बाहेर बायका बसल्या होत्या, तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी खोव्याच्या जलेबीची परात उचलली आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढली.

७

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या, मुखवटे हलवले. मला मनातून बरं वाटत होतं. त्या गेल्या की त्यांच्याबरोबर जे काही आलं तेही जाईल, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी दुपारी क्षमाचा फोन आला नाही. मी केला तर वाजत राहिला.

उतरवलेल्या साड्या आमच्याकडे सुना प्रसाद म्हणून नेसतात. थोरलीची माझी, धाकटीची क्षमाची. धाकटीची साडी मोरपंखी होती. मी तिची घडी घातली आणि मधल्या खोलीत पलंगावर ठेवून आले. परातीतल्या अक्षता गोळा केल्या, कोठ्या पुसून ठेवल्या. मग दाराशी अजिंक्य दिसला. हातात मोगऱ्याचा गजरा होता. तिला आवडते, तो माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याने दार अर्धं उघडलं, गजरा आत दिला आणि निघून गेला. त्याने हात लांब केला होता, आणि परत घेतला तेव्हा त्यात गजरा नव्हता.

दार अर्धं उघडंच राहिलं. उन्हं उतरत होती, खोलीत पिवळा उजेड होता. पलंगाच्या कडेला कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. मोरपंखी साडी, ओल्या केसांची घट्ट वेणी. हात वर करून गजरा माळत होती. पंखा बंद होता आणि टकटक मात्र येत होती.

मी आत पाऊल टाकलं नाही. पण समोर लोखंडी कपाटाचा आरसा आहे. त्यात मला ती दिसली, फक्त हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत, आणि लगेच मी नजर खाली घेतली. नाक क्षमाचं होतं, गालावरचा तीळ तिचाच होता. हसू होतं. आम्ही सगळ्यांनी क्षमाच्या चेहऱ्यावर जे हसू मागितलं होतं, थोडं हस ना, लोक काय म्हणतील, अगदी तेच.

“दीदी, पदर नीट आहे ना?” असं तिने विचारलं. बोलताना ते हसू जरासुद्धा हललं नाही.

नीट आहे, मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटनच्या बसमध्ये बसले. घरी शाळेचं कारण सांगितलं. बसमध्ये मी क्षमाला काय काय म्हणायचं ते ठरवत होते. चूक झाली, चल, आपण दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ, घरी मी सगळ्यांना खरं सांगते. तिला हाताला धरून घरात नेलं की आत जे बसलं आहे त्याला उठावंच लागेल, असं मला वाटत होतं.

क्षमाच्या आईने दार उघडलं. मला बघून त्यांना आनंद झाला. माझ्या खांद्यावरून त्यांनी मागे पाहिलं.

“क्षमाला काहून नाही आणलं?”

मी म्हटलं, ती इथे आहे ना. त्या हसल्या. ती तर महालक्ष्म्यांना तुमच्याकडेच होती ना बाप्पा, सूनबाईनं घर सोडून कसं चालेल. त्यांच्या डोळ्यांत कुठेही खोटं नव्हतं. खोटं कसं दिसतं हे मला चांगलं कळतं.

पाणी पिण्याच्या निमित्ताने मी आतल्या खोलीत गेले. भिंतीशी एक गादी अंथरलेली होती. दोरीवर क्षमाचा निळा गाऊन वाळत होता, कड अजून ओली होती. खिडकीत गोळ्यांचं पाकीट होतं, परवाच्या दिवसापर्यंतच्या गोळ्या घेतलेल्या, बाकीच्या तशाच. मी ते पाकीट तिच्या आईला दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“कोणाच्या आहेत वं या गोळ्या?”

मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता. मी क्षमा, क्षमा म्हणून हाक मारली. मागच्या अंगणात बघितलं, गच्चीवर जाऊन आले. हाक मारताना तिच्या आई माझ्याकडे काळजीने बघत होत्या. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुम्हाला बरं नाही दिसून राहिलं, थोडा आराम करत जा.

ते पाकीट माझ्या पर्समध्ये आहे.

९

क्षमा आता बरी आहे, असं सगळे म्हणतात. सकाळी आंघोळ करून स्वयंपाकघरात येते, वेणी घट्ट, गजरा ताजा. शिकवणी पुन्हा सुरू झाली आहे. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून एकदा फोन आला, अजिंक्यने आता गरज नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंचा रक्तदाबही आता वाढत नाही, तो मोजायचं यंत्र धूळ खात पडलं आहे. ती कधी रडत नाही, कधी रागवत नाही, सांगाल ते काम करते आणि नको असलेलं कधी बोलत नाही. मोबाइल मात्र नकोच म्हणते. मधल्या खोलीचा पंखा बदलून नवा लावला.

खरं सांगायचं तर मलाही सोपं पडतं. शाळेतून आले की चहा तयार असतो. तो पिताना मी तिच्याकडे बघत नाही. तिचा कप संपतो तेव्हा बशी पालथी पडते, तेवढा आवाज ऐकते आणि मान खाली घालते. एखाद्या रात्री अंबरीशला सांगावंसं वाटतं. पण त्यांनी विचारलं, मग खरी क्षमा कुठे आहे, तर काय सांगू? ती मला आजच या म्हणाली तेव्हा मी गेले नाही, एवढंच मला सांगता येईल.

काल दुपारी आम्ही तिघी गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. सासूबाई, मी आणि ती. माझा फोन वाजला. पडद्यावर क्षमाचं नाव आलं, तिचाच फोटो, लग्नातला. मी उचलला तेव्हा आधी फक्त टक टक ऐकू आली, जुन्या पंख्याची. मग फार लांबून, बाजूच्या कुठल्यातरी खोलीतून आल्यासारखा आवाज.

“दीदी? मी क्षमा बोलून राहिली. इथं कोणीच नाही माझ्याशी बोलत. तुम्ही येता ना मला घ्यायला?”

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मिश्रा आंटी वाटी परत द्यायला आल्या त्या दिवशी बघितलं होतं तसंच. समोर ती शेंगेचा दोरा काढत होती. तिने तोंड वर केलं. हसू तेच.

“कोण आहे, दीदी?”

येते, एवढंच म्हणायचं होतं. कुठे ते माहीत नव्हतं, तरी म्हणता आलं असतं. तोंड उघडलं आणि शेजारणींसाठीचा आवाज निघाला, गोड, सवयीचा.

“क्षमा ना? जरा आत झोपली आहे,” मी फोनमध्ये म्हटलं. “उठली की सांगते तिला.”

पलीकडे बराच वेळ पंखाच वाजत राहिला.

“अच्छा,” ती म्हणाली. “झोपू द्या मग तिला.”

फोन बंद झाला. समोरून तिने अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या, आणि मी मोडू लागले.